हात मांडीखाली

परब सरांच्या हाताखाली मी अकरा वर्षं काम केलं आणि त्यातला बराचसा वेळ स्वतःच्या हातांवर बसून काढला. हे मी अगदी शब्दशः सांगतेय. मरोळच्या औद्योगिक वसाहतीत आमची कंपनी स्वयंपाकघरातल्या वस्तू बनवते. डबे, बरण्या, किसण्या, पाण्याच्या बाटल्या, गॅसचे लायटर. सर तिथले डिझाइन विभागाचे प्रमुख. आणि विभाग म्हणजे आम्ही तिघं. नव्या वस्तूचा नमुना तयार झाला की तो अशा माणसाच्या हातात द्यायचा, ज्याने तो आधी कधी पाहिलेला नाही, आणि आपण समोर खुर्ची टाकून बसायचं. बोलायचं नाही, मान हलवायची नाही, आणि मुख्य म्हणजे दोन्ही हात मांडीखाली घालायचे. कारण हात मोकळे असले की ते आपोआप पुढे जातात आणि "अहो असं नाही, इकडून फिरवा" करायला लागतात.

"तू काय प्रत्येक डब्याबरोबर गिऱ्हाइकाच्या घरी जाणारेस?" सर विचारायचे. "नाही ना? मग आत्ता बस गप."

सर जाऊन आता वर्ष होत आलं. ऑफिसात नवीन आलेल्या मुलामुलींना मी त्यांच्याबद्दल सांगायला जाते आणि फसते. डिझाइनचा प्रमुख म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे काळा टीशर्ट आणि काचेची केबिन येते. आमचे सर अर्ध्या बाह्यांचा चौकडीचा शर्ट घालायचे, खिशात दोन पेन्सिली आणि एक सहा इंची स्टीलची पट्टी, पायात चपला. वडील कोकणातून येऊन गिरणीत लागले होते, सर शिकले ते ड्रॉइंग बोर्डावर. याहून जास्त चरित्र मला ठाऊक नाही आणि ठाऊक असतं तरी त्यात सर सापडले असते असं वाटत नाही.

माझी पहिली परीक्षा मसाल्याच्या डब्याच्या झाकणावर झाली. मी मोठ्या हौसेने केलेलं झाकण, एका बाजूला दाबलं की दुसऱ्या बाजूने उघडणारं. सरांनी कँटीनच्या मावशींना बोलावलं आणि डबा त्यांच्या हातात दिला. मावशींनी तो फिरवला, ओढला, टेबलावर आपटला, शेवटी दात लावले. मला राहवेना. "मावशी, तिथे बाण काढलाय ना एवढा, दिसत नाही का?" मी ओरडलेच. त्या दचकल्या आणि अख्खी हळद त्यांच्या साडीवर.

त्या गेल्यावर सर म्हणाले, "बाण कशाला काढलास?"

"कळावं म्हणून."

"म्हणजे झाकणाला स्वतःला सांगता येत नव्हतं. मेधा, माणूस चुकत नाही, वस्तू चुकते. जा, माफी मागून ये."

मी फणकाऱ्यानेच गेले. मावशी पिवळ्या साडीत चहा गाळत होत्या. "माफी कसली ग? डबाच येडा होता," त्या म्हणाल्या आणि मला अर्धा कप जास्त चहा दिला. त्या दिवशी मला सरांचा भयंकर राग आला होता, कारण त्यांचं बरोबर होतं.

सरांना सिनेमाचं वेड होतं आणि त्यांची सिनेमा बघायची पद्धत सांगितली तर लोकांना थाप वाटते. कुठलाही आवडलेला सिनेमा ते दोनदा बघायचे. पहिल्यांदा पडद्याकडे तोंड करून, तुमच्या-आमच्यासारखा. दुसऱ्यांदा पुढच्या रांगेतलं कडेचं तिकीट काढायचं, खुर्चीत आडवं वळून बसायचं आणि सिनेमा प्रेक्षकांच्या चेहऱ्यांवर बघायचा. कोण कुठे हसतं, कोणाचा हात नेमका कधी पॉपकॉर्नकडे जातो, मोबाइल कधी उजळतात. अंधेरीच्या एका थिएटरात एकदा एका बाईंनी मॅनेजरकडे तक्रार केली की हा माणूस मघापासून आमच्याकडे टक लावून बघतोय. मी आणि आमचा सहकारी नितीन शेजारी होतो, आमची वाट लागली. मॅनेजर टॉर्च घेऊन आला. सरांनी त्याला इतक्या मनापासून समजावलं की तो मध्यंतरात आम्हाला ऑफिसात घेऊन गेला आणि स्वतःच्या थिएटरातल्या कुठल्या खुर्च्या करकरतात ते सांगत बसला. त्या बाईंची मात्र सरांनी बाहेर पडताना हात जोडून माफी मागितली.

मग बाहेर कटिंग पिता पिता धडा. "नायिका मरते तिथे एवढी व्हायोलिनं वाजली, कोणी रडलं? नाही. आणि तो म्हातारा सवयीने दोन कपांत चहा ओततो, मग त्यातला एक परत पातेल्यात ओततो, तिथे अर्ध्या थिएटरने नाकं ओढली. का? तिथे डायरेक्टर गप्प बसलाय. हात मांडीखाली घालून."

सगळ्याचा रस्ता शेवटी मांडीखाली जायचा. आम्ही मागे खूप हसायचो.

दुसरं वेड लेखांचं. वर्तमानपत्रं, मासिकं, वाण्याच्या पुडीचा कागदसुद्धा, जे हाताला लागेल ते सर वाचायचे. आवडलेला लेख पट्टी लावून फाडायचे, जुन्या ड्रॉइंगच्या रजिस्टरात चिकटवायचे आणि त्यातल्या एकाच वाक्याखाली लाल रेघ. लेख पानभर असो की चार ओळींचा, रेघ एकच. "लेखात खरं वाक्य एकच असतं," ते म्हणायचे, "बाकीची सगळी त्याच्या वरातीला आलेली मंडळी." आणि कधीकधी असं कात्रण काही न बोलता आपल्या टेबलावर येऊन पडायचं.

माझं ठरलेलं लग्न मोडलं तेव्हा मी घरच्यांवरच्या रागाने दोन महिन्यांत दुसरं स्थळ पक्कं करायला निघाले होते. ऑफिसात मी कोणाला काही बोलले नव्हते, पण नितीनच्या पोटात काही राहत नाही. एका सकाळी टेबलावर कात्रण. घराच्या डागडुजीवरचा लेख, ओल आलेल्या भिंतींबद्दल. लाल रेघ या वाक्याखाली: भिंत आतून वाळल्याशिवाय तिला नवा रंग देऊ नये. मी तरातरा सरांच्या टेबलाशी गेले. ते लायटरच्या स्प्रिंगमध्ये डोकं घालून बसले होते. "काय झालं?" त्यांनी वर न बघता विचारलं. मी काही नाही म्हणाले आणि परत आले. ते कात्रण अजून माझ्या कपाटाच्या दाराला आतून लावलेलं आहे. आणि हो, ते दुसरं स्थळ मी नाकारलं.

आता काकू. सरांची बायको, सुमनकाकू. नाहूरला स्टेशनपासून दहा मिनिटांवर त्यांचा दोन खोल्यांचा फ्लॅट. आमच्या प्रत्येक वस्तूची शेवटची परीक्षा तिथे व्हायची. काकू मूळच्या मालवणकडच्या, तीस वर्षं मुंबईत राहूनही बोलण्यातली मालवणी तसूभर हललेली नाही. आम्ही तिघं ओळीने सोफ्यावर, हात मांडीखाली, आणि काकू ओट्याशी. काम करता करता त्या वस्तू वापरायच्या आणि निकाल द्यायच्या. निकाल बहुतेक वेळा एकच: "बरां आसा. पण माका नको." सर खूष होऊन वहीत लिहून घ्यायचे. अकरा वर्षांत काकूंनी आमच्या फक्त दोन वस्तू घरात ठेवून घेतल्या, एक चिमटा आणि एक किसणी, आणि त्या दोन आजही कंपनीत सगळ्यांत जास्त विकल्या जातात. सर काकूंच्या मताला जेवढं घाबरायचे तेवढं मालकांनाही नाही. हे प्रेम होतं हे कळायला मला बरीच वर्षं लागली, कारण दोघांच्या तोंडून तसला शब्द कधी आला नाही.

पावणेदोन वर्षांपूर्वी काकूंना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, वाचा दोन आठवड्यांत परत आली, चालायला लागल्या. उजवा हात मात्र आला नाही. व्यायाम शिकवायला येणारी मुलगी सांगायची की बोटांत थोडी हालचाल आहे, वापरत राहिलं तर बरंच परत येईल, पहिले महिने महत्त्वाचे. तेव्हा सरांची मुलगी अदिती बंगळूरला नोकरीला होती आणि तिचं लग्न ठरलेलं होतं. तारीख आठ महिन्यांवर. काकूंनी तिला फोनवर एकच सांगितलं, "तुझ्या लग्नात मी साडी माझ्या हातान नेसतलंय. कोणाक हात लावूक दिवचंय नाय." साडी नेसायला दोन्ही हात लागतात. डाव्या हाताने निऱ्या घालता येत नाहीत, बायकांना हे सांगायला नको.

सरांनी लांब रजा घेतली आणि त्यांना जे येत होतं ते केलं. त्यांनी घर बदललं.

दोन महिन्यांनी त्यांनी आम्हाला बोलावलं. काय सांगू! नळांना कोपराने ढकलता येतील असे दांडे. भाजी चिरायच्या फळीला खिळे, बटाटा त्यात रोवला की एका हाताने सोलता यावा. डबे डाव्या अंगठ्याने दाबले की उघडणारे. कपाटाची दारं नुसत्या खांद्याने सरकणारी. न्हाणीघरात धरायला दांड्या. आणि कळस म्हणजे साडी. सरांनी शिंप्याशेजारी बसून पाच साड्यांच्या निऱ्या कायमच्या शिवून घेतल्या होत्या, कमरेला पट्टा आणि चिकटपट्टी, स्कर्टसारखी गुंडाळली की झाली. एका मिनिटात, एका हाताने. नितीन तर "सर, झकास! हे बाजारात आणू या" म्हणत नाचायचाच बाकी होता. मी भराभर फोटो काढत होते.

काकू खिडकीपाशी खुर्चीत होत्या. उजवा हात मांडीवर, त्यावर पदर.

"काकू, सगळं सोपं झालं ना?" मी विचारलं.

"सोपा झाला गो," त्या म्हणाल्या. "माका करूक काय रवलांच नाय."

सर हसले. आम्हीही हसलो. अकरा वर्षं त्या बाईच्या चेहऱ्यावरून निकाल वाचणारे आम्ही, त्या दिवशी एकालाही तो वाचता आला नाही. याची मला अजून लाज वाटते.

त्यानंतर महिन्याभराने मी काही ड्रॉइंग दाखवायला दुपारी नाहूरला गेले. काकू घरात नव्हत्या. "समोर हंसाबेनकडे जाते रोज या वेळेला," सर म्हणाले. "दोघी सीरियल बघतात. चल, गोळीची वेळ झालीय, बोलावून आणू." हंसाबेन म्हणजे समोरच्या फ्लॅटमधल्या विधवा गुजराती बाई. त्यांचं आतलं लाकडी दार उघडं होतं, बाहेरचं जाळीचं बंद. टीव्ही बंद होता. टेबलापाशी काकू बसल्या होत्या, पुढ्यात एक जुनापुराणा स्टीलचा डबा, झाकण घट्ट बसलेला, आमच्या विभागाने बघितला असता तर ज्याला नावं ठेवली असती असा. डावा हात डब्याला आणि उजव्या हाताची बोटं झाकणाच्या कडेवर. बोटं निसटत होती, पुन्हा कडेवर येत होती. काकूंच्या कपाळावर घाम. हंसाबेन समोर चष्मा लावून खुशाल पेपर वाचत होत्या. झाकण एकदम उडालं, डबा पडला, चणे घरभर.

हंसाबेनने पान उलटलं. "फिरसे करा, सुमनबेन. मला काय घाई नाय."

आणि काकू हसल्या. खळखळून, झटक्याआधी हसायच्या तशा. मग खुर्चीला धरून खाली बसल्या आणि उजव्या हाताच्या अंगठ्याने आणि बोटाने एकेक चणा उचलायला लागल्या. एक चणा उचलायला तीन-तीन वेळा.

सरांचा हात जाळीच्या कडीवर गेला होता. तो मी बघितला. थोडा वेळ तो तिथेच राहिला. मग त्यांनी तो खाली घेतला, मला खुणेने मागे फिरायला सांगितलं आणि आम्ही चपलांचा आवाज न करता परत घरात आलो.

सर खुर्चीत बसले, काकूंच्याच. मग म्हणाले, "रोज जाते ती. माझ्या घरात तिला प्रॅक्टिसला जागा नाही म्हणून शेजारणीकडे जाते." त्यांचे डोळे भरले होते आणि ते लपवायचा त्यांनी काही प्रयत्न केला नाही. "तुम्हा पोरांना अकरा वर्षं शिकवलं, मेधा. आणि घरात पहिल्या दिवसापासून माझे दोन्ही हात सुटलेले."

मी पाणी आणायला उठले, तर ते म्हणाले, "पाणी नको, स्क्रूड्रायव्हर दे. त्या वरच्या खणात आहे."

संध्याकाळपर्यंत नळांचे दांडे उतरले. खिळ्यांची फळी गेली, कपाटांना जुन्या मुठी आल्या. न्हाणीघरातल्या दांड्यांना मात्र त्यांनी हात लावला नाही. "पडायचं काही शिकायला नको तिला," ते म्हणाले. काकू आल्या, त्यांनी दारातून सगळं पाहिलं आणि विचारलं, "ह्यां काय चल्लांहा?" सर म्हणाले, "बरां आसा. पण तुका नको." काकूंनी त्यांच्याकडे नुसतं बघितलं, मग स्वयंपाकघरात गेल्या आणि त्यांनी उजव्या हाताने नळ फिरवायचा प्रयत्न केला. नळ फिरला नाही. सर जागचे हलले नाहीत.

पुढचे महिने सरांना जड गेले, काकूंपेक्षा जास्त असं काकूच सांगायच्या. "कप फुटलो की माझ्याकडे नाय, ह्यांच्याकडे बघूचां," त्या मला म्हणाल्या. "तोंड असां होता, जसो ह्यांचोच हात मोडलो." रोज सकाळी काकू आतल्या खोलीचं दार लावून साडीशी झगडायच्या, त्यांच्या मालवणी शिव्या बाहेर ऐकू यायच्या, आणि सर दाराबाहेर पेपर धरून बसायचे. वाचून होत नव्हतं. त्या काळात रजिस्टरात एकही कात्रण चिकटलं नाही.

ऑफिसात परतल्यावर सरांचं जुनं वाक्य बदललं. माणूस अडखळला की पूर्वी ते वस्तूकडे बघायचे, आता आधी विचारायचे, "याला हे जमवायचंय का? की नुसतं उरकायचंय?" लहान मुलांच्या खाऊच्या डब्याचं झाकण मुद्दाम थोडं घट्ट ठेवा म्हणून ते विक्रीवाल्यांशी आठवडाभर भांडले. "पहिलीतल्या पोराला डबा स्वतः उघडल्याचा आनंद मिळू दे की!" विक्रीवाल्यांनी ऐकलं नाही, डबा बोट लावलं की उघडणाराच निघाला आणि बरा खपला. सरांनी भांडण सोडलं पण मत सोडलं नाही.

अदितीचं लग्न मुलुंडच्या एका हॉलमध्ये होतं. मी पोचले तेव्हा मुहूर्ताला अर्धा तास होता आणि वधूपक्षाच्या खोलीबाहेर गर्दी जमलेली. काकू आत, एकट्या, आतून कडी लावून. सर नवा कोट घालून दाराला पाठ लावून उभे.

"किती वेळ झाला?" मी विचारलं.

"चाळीस मिनिटं."

सरांची धाकटी बहीण मूठभर सेफ्टीपिना घेऊन आली. "दादा, बाजूला हो. दोन मिनिटांत नेसवते तिला."

"नाही."

अदिती शालू नेसून, मुंडावळ्या बांधून आली. "बाबा, भटजी बोलावतायत. मी जाऊ का आत? माझंच लग्न आहे ना?"

"म्हणूनच नाही," सर म्हणाले. मग आवाज खाली आणून, "थांब ग बाळा. तुझ्याचसाठी चाललंय." आतून काहीतरी पडल्याचा आवाज आला, मग एक शिवी. सरांनी डोळे मिटले. भटजींना निरोप गेला की वधूची आई आल्याशिवाय अंतरपाट धरू नका. वराकडचे कुजबुजायला लागले. मी घड्याळ बघणं सोडून दिलं.

मग कडी वाजली.

काकू हिरव्या साडीत दारात उभ्या होत्या. निऱ्या मोजून सहा आणि सहाही वेगवेगळ्या रुंदीच्या. डावीकडे साडी घोट्याच्या वर चढलेली, उजवीकडे जमिनीवर लोळतेय, पदर भलताच लांब. चेहरा घामाने डबडबलेला, केसांची एक बट कपाळाला चिकटलेली. उजवा हात कमरेशी, निऱ्यांवर, अजून थरथरत होता. आत्याबाई पिना घेऊन पुढे झाल्या. "हात लावू नको," काकू म्हणाल्या आणि आमच्या मधून सरळ मांडवाकडे चालू लागल्या. अदिती रडायला लागली. सर बायकोच्या मागून दोन पावलं अंतर ठेवून चालत गेले, आणि त्यांच्यासारखा ताठ चाललेला माणूस मी त्या दिवशी हॉलमध्ये दुसरा पाहिला नाही.

लग्न लागल्यावर घरच्यांचे फोटो सुरू झाले. मी गर्दीत मागे उभी होते, मला निघायचं होतं, आणि सर पुन्हा दिसणार नाहीत हे तेव्हा कुठे माहीत होतं? सोमवारी ते ऑफिसला येणार होते. रविवारी पहाटे झोपेतच गेले. व्यासपीठावर मधोमध नवरानवरी, कडेला सर आणि काकू. फोटोग्राफरने कॅमेऱ्यातून बघितलं, पुन्हा बघितलं आणि मान बाहेर काढली.

"काकू, साडी जरा नीट करून घ्या ना. फोटोत वाकडी दिसतेय."

सरांनी काकूंचा उजवा हात हळूच पदराबाहेर काढून स्वतःच्या हातात धरला. "वाकडीच दिसू दे रे," ते म्हणाले. "त्यासाठीच तर काढतोय फोटो."

फोटोग्राफरने खांदे उडवले आणि फोटो काढला.